सगळे जेवायला बसले, पण वाढलं कुणी?

नांदेडला आमच्या अभ्यासवर्गात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सिनेमा दाखवतो. विहाराच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावायच्या, भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि कुणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर जोडायचा. इंग्रजी सिनेमा असला की मी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगते. गेल्या वेळी ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ दाखवला. १९६७ चा अमेरिकन सिनेमा. गोरी मुलगी, काळा मुलगा आणि दोन्हीकडच्या आईबापांनी एका दिवसात द्यायचा निर्णय.

सिनेमा संपला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. गोरा बाप शेवटी तयार झाला, याचा त्यांना आनंद झाला होता. चर्चा सुरू झाली. कुणी ‘सैराट’ची आठवण काढली, कुणी विचारलं की आपल्याकडे असा बाप कधी होणार. मग मागच्या रांगेतली बारावीची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “ताई, सगळे जेवायला बसले. पण वाढलं कुणी?”

मी तिला उत्तर दिलं. वर्ग, वर्ण, घरकाम करणाऱ्या बायांचे श्रम, असं एमएच्या पेपरात लिहितात तसं. तिचं समाधान झालं असावं, माझं झालं नाही. तिने सिनेमाबद्दल विचारलं होतं, पण मला तो प्रश्न माझ्या घराबद्दल ऐकू आला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. यात माझी चूक आहे, ती आधीच कबूल करते. घरातल्या ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्या दोघांना विचारून लिहिते आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत मॅट ड्रेटन हा वर्तमानपत्राचा मालक राहतो. आयुष्यभर त्याने वंशभेदाच्या विरोधात भूमिका घेतलेली आहे. त्याची २३ वर्षांची मुलगी जोआना हवाई बेटांवर सुट्टीला जाते आणि दहा दिवसांत प्रेमात पडून घरी येते. सोबत डॉ. जॉन प्रेंटिस. वय ३७, विधुर, जगभर नाव असलेला डॉक्टर आणि काळा. ही भूमिका सिडनी पॉइटियेने केली आहे. बाप स्पेन्सर ट्रेसी, आई कॅथरिन हेपबर्न. त्याच रात्री जॉनला पुढच्या प्रवासाला निघायचं आहे, म्हणून निर्णय आजच हवा. संध्याकाळी जॉनचे आईवडीलही लॉस एंजेलिसहून येतात. बाप निवृत्त पोस्टमन. तोही या लग्नाच्या विरोधात. शेवटी मॅट ड्रेटन सगळ्यांना एकत्र बसवतो, लांबलचक भाषण करतो आणि होकार देतो. मग सगळे जेवायला जातात.

दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरने हा सिनेमा चांगल्या हेतूने केला याबद्दल मला शंका नाही. त्या काळात एवढं दाखवायलाही धाडस लागत होतं. अख्ख्या सिनेमात प्रेमी जोडप्याचं एकच चुंबन आहे आणि तेसुद्धा टॅक्सी ड्रायव्हरच्या आरशात दिसतं. यावरून तेव्हाचं वातावरण लक्षात येईल. पण हेतू चांगला म्हणून आपण प्रश्न विचारायचे नाहीत, असं थोडंच आहे?

पहिला प्रश्न जॉन प्रेंटिसबद्दल. हा माणूस इतका निर्दोष का आहे? नामांकित डॉक्टर, सभ्य, देखणा, पैशाला चोख. घरातला फोन वापरला तर त्याचेही पैसे टेबलावर ठेवणारा. क्रेमरचं म्हणणं असं होतं, की मुलात एकही खोट ठेवली नाही तर बापाकडे नकाराचं एकच कारण उरेल, ते म्हणजे रंग. युक्ती म्हणून हे बरोबर आहे. पण काळ्या लेखकांनी आणि समीक्षकांनी यावर तेव्हापासून टीका केली. जेम्स बाल्डविननेही या सिनेमावर सविस्तर आणि कडक लिहिलं. टीकेचा गाभा असा, की गोऱ्याच्या टेबलावर बसायला काळ्याने देवदूत व्हावं लागत असेल, तर जे देवदूत नाहीत त्या लाखो काळ्या माणसांचं काय?

हे आपल्याला नवीन नाही. एमएला असताना माझ्या हॉस्टेलमधल्या एका सवर्ण मैत्रिणीचं आपल्यातल्या एका मुलावर प्रेम होतं. तिच्या घरी कळलं तेव्हा तिचा काका समजूतदारपणाचा आव आणून म्हणाला, “मुलगा कलेक्टर असता तर विचार केला असता.” त्या मैत्रिणीला हे वाक्य आशेचं वाटलं. मला त्यातला हिशेब दिसला. त्यांच्या जातीतला बेकार, व्यसनी मुलगाही चालला असता, कारण त्याची जात हीच त्याची पदवी. आपल्या मुलाने मात्र जातीची भरपाई कलेक्टर होऊन करायची. गुणवत्तेचा हा हिशेब आपण नोकरीत आणि प्रवेशात रोज ऐकतो. प्रेमातही तोच असतो.

मराठीत याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण आहे. विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’, १९८३ सालचं. तिथेही पुरोगामी बाप आहे, त्याची मुलगीही दलित कवीशी लग्न करते. पण हा जावई बायकोला मारणारा निघतो आणि बापाच्या आदर्शवादाचा चुराडा होतो. आपल्या लोकांनी त्या नाटकाचा निषेध केला तो उगाच नव्हे. क्रेमरचा काळा जावई देवदूत आहे, तेंडुलकरांचा दलित जावई हिंसक आहे. दोन्हीकडे कथा गोऱ्या किंवा सवर्ण बापाच्या मनाची आहे आणि जावई म्हणजे त्या बापाची परीक्षा घ्यायला आलेला पेपर. साधा माणूस म्हणून तो दोन्हीकडे येत नाही.

दुसरा प्रश्न परवानगीचा. सिनेमात जॉन मुलीच्या आईबापांना एकांतात सांगतो, की तुमचा मनापासून होकार नसेल तर मी हे लग्न करणार नाही. ही अट तो मुलीला कळूही देत नाही. म्हणजे तिच्या आयुष्याचा निर्णय एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाच्या हातात दिला आणि तिला पत्ता नाही. अभ्यासवर्गात हा प्रसंग आला तेव्हा पोरांना तो सभ्यपणा वाटला. मुली मात्र कुजबुजायला लागल्या.

या परवानगीच्या शेजारी एक खरी घटना ठेवून बघा. व्हर्जिनिया राज्यात सेंट्रल पॉइंट नावाचं खेडं आहे. तिथला रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड ही काळ्या आणि मूळनिवासी अमेरिकन वंशाची मुलगी. व्हर्जिनियात १९२४ च्या कायद्याने असं लग्न गुन्हा होतं, म्हणून त्यांनी जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि गावी परतले. पाच आठवड्यांनी रात्री शेरीफ त्यांच्या झोपायच्या खोलीत घुसला. लग्नाचा दाखला भिंतीवर लावलेला होता. तो इथे चालत नाही, असं सांगून दोघांना अटक केली. १९५९ मध्ये शिक्षा झाली ती एक वर्ष कैदेची. मात्र राज्य सोडून गेलात आणि २५ वर्षं दोघं मिळून परत आला नाहीत, तर कैद माफ. म्हणजे तडीपारीच. पुढे न्यायाधीशाने लिहिलं, की देवानेच वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी त्यांची सरमिसळ व्हावी अशी त्याची इच्छा नव्हती. वाचताना मला मनुस्मृती आठवली. भेद टिकवायचा असला की देवाला साक्षीला बोलावणं सगळीकडे सारखंच आहे.

मिल्ड्रेडने शेवटी अमेरिकेचा अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी याला पत्र लिहिलं. त्यातून प्रकरण नागरी हक्कांच्या वकिलांकडे गेलं आणि १२ जून १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की वंशाच्या कारणाने लग्नाला बंदी घालणारे कायदे घटनाविरोधी आहेत. त्या दिवशीही १६ राज्यांत असे कायदे होते. अलाबामाने तर आपल्या राज्यघटनेतली ती बंदी सन २००० मध्ये मतदान घेऊन काढली आणि तेव्हाही सुमारे ४० टक्के मतं ती ठेवण्याच्या बाजूने पडली. कायदा मेला तरी मनातली बंदी किती वर्षं जगते, याचं हे उदाहरण.

‘गेस हूज कमिंग टू डिनर’चं चित्रीकरण या निकालाच्या आधी झालं होतं. स्पेन्सर ट्रेसी निकालाच्या दोन दिवस आधी, १० जूनला वारला. सिनेमा डिसेंबरमध्ये लागला. त्यात जॉनचा बाप मुलाला सांगतो, की सोळा-सतरा राज्यांत तुम्ही दोघं गुन्हेगार ठराल. पडद्यावर ते वाक्य आलं तेव्हा ते कायद्याने जुनं झालेलं होतं. ते जुनं कुणी केलं? जगप्रसिद्ध डॉक्टरने नाही की वर्तमानपत्राच्या मालकानेही नाही. एका गवंड्याने आणि त्याच्या बायकोने केलं. त्यांना कुणाच्या बंगल्यात जेवायला बसायचं नव्हतं, फक्त आपल्या गावात, आपल्या माणसांत राहायचं होतं. या दोघांवर २०१६ मध्ये जेफ निकोल्सने ‘लव्हिंग’ हा सिनेमा केला. त्यात भाषण जवळजवळ नाहीच. रिचर्ड विटा रचतो, मिल्ड्रेड पोरं सांभाळते. त्याच वर्षी २९ एप्रिलला आपल्याकडे ‘सैराट’ लागला. त्यातला परश्या आणि आर्चीसुद्धा साधीच पोरं. इडली-डोसा विकून भाड्याच्या खोलीत राहणारी. फरक एवढाच, की रिचर्ड आणि मिल्ड्रेडच्या दारात पोलीस आले आणि आर्ची-परश्याच्या दारात तिचा भाऊ आला.

आता तिसरा प्रश्न, त्या मुलीचा. वाढलं कुणी?

ड्रेटनच्या घरात टिली नावाची काळी कामवाली आहे, वर्षानुवर्षं तिथेच राहणारी. या लग्नाला सगळ्यात उघड आणि कडवा विरोध तिचाच आहे. ती जॉनला एकट्याला गाठून सुनावते. आपल्याच वंशाचा माणूस आपली पायरी सोडून वर चढतो आहे, हे तिला सहन होत नाही. शेवटचं भाषण ऐकायला मॅट तिलाही बोलावून घेतो. भाषण संपतं, सगळ्यांचे डोळे पाणावतात आणि मॅट तिला विचारतो की जेवण कधी मिळणार. सिनेमा संपतो. समता झाली आणि टिली स्वयंपाकघरात गेली.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ लिहिलं तेव्हा सहभोजनाचे कार्यक्रम जोरात होते. बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलं, की एकत्र जेवल्याने जात जात नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, कारण रक्ताचं नातं झाल्याशिवाय परकेपणा संपत नाही. आणि लोक असे विवाह करत नाहीत याचं कारण त्यांच्या डोक्यातली शास्त्रांची पवित्रता, म्हणून घाव तिथे घालायचा. त्याच्याही २० वर्षं आधी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं होतं, की जातीचं खास लक्षण एकच, जातीतल्या जातीत लग्न. हे दोन्ही मुद्दे मला पाठ आहेत. एमएला त्यावर मला चांगले गुण मिळाले होते.

आणि तरीही.

माझा धाकटा भाऊ औषधाच्या दुकानात काम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला सांगितलं, की त्याला एका मुलीशी लग्न करायचं आहे. मुलगी नर्सिंग झालेली, खासगी दवाखान्यात रात्रपाळी करणारी, घरातली पहिली शिकलेली. मातंग समाजातली.

आमचे आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. नामांतराच्या लढ्यात ते विशीत होते. विहारात दर १४ ऑक्टोबरला २२ प्रतिज्ञा तेच म्हणून घेतात. १४ जानेवारीच्या भाषणात ते न चुकता पोचीराम कांबळेंची आठवण काढतात. तरुण वाचकांना माहीत नसेल तर सांगते. पोचीराम कांबळे नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. १९७८ मध्ये नामांतराच्या दंगलीत ‘जय भीम’ सोडायला नकार दिला म्हणून त्यांना हालहाल करून मारलं. आणि ते मातंग होते. आप्पा हे सांगताना दरवेळी थांबतात, चष्मा पुसतात. ते खोटं रडत नाहीत. मी त्यांची मुलगी आहे, मला माहीत आहे.

तेच आप्पा म्हणाले, “पोरगी चांगली आहे. पण आपल्या लोकांत कसं दिसेल?” मग एकेक कारण निघालं. त्यांच्यात अजून देव-देव आहे. ते धम्मात आलेले नाहीत. उद्या नातवंडांवर काय संस्कार होणार? १ ऑगस्ट २०२४ ला अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल आल्यावर आणखी एक कारण मिळालं, की ते आता वेगळं मागतायत आणि आपण त्यांना घरात आणायचं? उपवर्गीकरणावर माझं मत काय, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण आरक्षणाचा वाद एका नर्सच्या अंगावर कसा येऊन पडतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

बुद्धपौर्णिमेला भावाने तिला घरी आणलं. आईने मनापासून केलं. खीर, पुरी, भाजी. ती आमच्यासोबत बसून जेवली. आत्या समोर होती, तिने गावाचं नाव विचारलं, मग आडनाव, मग वस्ती कुठल्या बाजूला आहे ते. जेवण झालं. आमची ताटं जागेवर होती. ती उठली, आपलं ताट उचललं, मोरीत गेली आणि घासून पालथं घातलं. फक्त स्वतःचं. आई म्हणाली, “राहू दे गं, पाहुणी आहेस.” पण म्हणाली तेव्हा ताट धुवून झालं होतं.

तिला कुणी सांगितलं होतं? आमच्या घरात कुणीच नाही. पण कुठेतरी, कधीतरी ती हे शिकली होती, की ज्या घरात गाव, आडनाव आणि वस्ती विचारतात, त्या घरात आपलं ताट आपण धुवायचं. कुणी सांगायच्या आधी, म्हणजे सांगायची वेळ येत नाही. माझी आजी गढीवर बाजरी निवडायला जायची तेव्हा हेच करायची. आमच्याच घरात, बुद्धाच्या फोटोखाली, एक मुलगी माझ्या आजीसारखी वागली. मी बघितलं आणि काही बोलले नाही.

त्याहून वाईट म्हणजे नंतर भावाला मी म्हणाले, “थोडं थांब. आईचा बीपी आहे. आप्पांना वेळ दे.” दोन वर्षं मी त्याला थांबवत राहिले. ऑफिसात आलेल्या सवर्ण मुलींना, दलित मुलांना मी विशेष विवाह कायदा समजावून सांगते. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, पोलीस संरक्षणाचा अर्ज, सगळं. स्वतःच्या भावाला मात्र मी थांब म्हणाले.

म्हणून अभ्यासवर्गात मॅट ड्रेटन गच्चीवर येरझाऱ्या घालत होता, तेव्हा मला त्याच्यात आप्पा दिसत होते. पण नीट विचार केल्यावर लक्षात आलं, की ती तुलना चुकीची आहे. या सिनेमात विरोध तीन प्रकारचा आहे आणि तिन्ही वेगळे ओळखायला हवेत.

मॅट ड्रेटनचा विरोध सुखातल्या माणसाचा आहे. समतेवर अग्रलेख लिहायचे, पण ती जिना चढून आपल्या मुलीच्या खोलीत आली की घाबरायचं. पुरोगामी सवर्णांना आपण हा आरसा दाखवतो आणि दाखवलाच पाहिजे.

जॉनच्या बापाचा विरोध भीतीतून आलेला आहे. त्याच्या पोराला उद्या कुणी मारलं तर पुसायला कोण येणार? ही भीती खोटी नाही. २८ एप्रिल २०१४ ला अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात आपल्या एका शाळकरी पोराला मारलं गेलं. सवर्ण मुलीशी बोलल्याचा राग हे कारण पुढे आलं. २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर एखादी बौद्ध आई पोराला पाटलाच्या पोरीपासून लांब राहा म्हणत असेल, तर तिला जातीयवादी म्हणायची माझी हिंमत नाही. ती जीव वाचवते आहे.

तिसरा विरोध टिलीचा. टिलीला कसली भीती नाही आणि तिचा कसला फायदाही नाही. ती मालकाच्या घराचा जिना राखते. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्मलात, त्याच मजल्यावर मरायचं. या व्यवस्थेची खुबी अशी, की प्रत्येक मजल्याला खाली बघायला एक मजला मिळतो. तोच त्याचा पगार. तेवढ्यासाठी माणूस मनोरा पाडत नाही.

आमच्या घरातला विरोध कोणता होता? भीतीचा नव्हता. मातंग मुलगी सून झाली म्हणून आमच्या दारात कुणी कोयता घेऊन येणार नव्हतं. म्हणजे तो जॉनच्या बापाचा नाही. सत्ताही आमच्याकडे नाही, म्हणजे मॅट ड्रेटनचाही नाही. मग उरली टिली. ज्या मनोऱ्याने आम्हाला चिरडलं, त्याच मनोऱ्यातला एक मजला आम्ही राखत होतो, आणि राखायला धम्माचं नाव वापरत होतो.

आता आपल्यातले काही जण म्हणतील, ताई, आधी सवर्णांनी मुली द्याव्यात, मग आम्हाला शिकवा. यातला ‘मुली द्याव्यात’ हा शब्दच आधी सोडा. मुली द्यायच्या-घ्यायच्या वस्तू नाहीत. आणि सवर्णांकडे मागणी चालूच राहील. पण आपल्या घरातला निर्णय त्यांच्या निर्णयाची वाट बघत का थांबावा? जॉन प्रेंटिसने आपला निर्णय गोऱ्या बापाच्या ताब्यात दिला म्हणून आपण त्याला नावं ठेवली ना?

कुणी म्हणेल, ते धम्मात आले नाहीत. कसे येणार? दाराशी आलेल्या मुलीला आपण आडनाव विचारतो. १८५५ मध्ये सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मातंग मुलीने निबंध लिहिला, तो मांग आणि महार या दोघांच्या दुःखाविषयी. शीर्षकात दोन्ही नावं तिने एकत्र लिहिली. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पोचीराम कांबळेंनी तर जीव दिला. त्यांच्याकडून हात पुढे आलेला आहे. बाकी आहे ते आपल्याकडचं.

आणखी एक गोष्ट कामाच्या अनुभवातून सांगते. आंतरजातीय विवाहाच्या केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत एक जोडीदार अनुसूचित जातीचा आणि दुसरा त्या यादीबाहेरचा लागतो. दोघंही यादीतले असतील तर सरकारी कागदावर ते लग्न आंतरजातीय नाहीच. म्हणजे सरकारच्या लेखी माझा भाऊ आणि ती मुलगी एकाच जातीची. मनुस्मृतीच्या लेखीही दोघं गावाबाहेरचीच. फरक दिसतो तो फक्त आमच्या आत्याला, आमच्या आप्पांना आणि दोन वर्षं गप्प बसलेल्या मला.

अभ्यासवर्गानंतर चार दिवसांनी मी आप्पांशी बोलले. रडारड केली नाही, बाबासाहेबांची वाक्यंही फेकली नाहीत, ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. एवढंच म्हणाले, “आप्पा, पोचीरामांची नात आपल्या घरी जेवायला आली असती, तर तिला ताट धुवू दिलं असतं का?” आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून बाहेर गेले. अजूनही त्यांनी होकार दिलेला नाही.

पण आता आम्ही होकाराची वाट बघत नाही. गेल्या सोमवारी दोघांनी विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली. तीन साक्षीदारांत पहिली सही माझी असेल. आप्पांना मी तारीख सांगितली आहे आणि परवानगी मागितलेली नाही. या मनाच्या वर केव्हा येतील, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. ते आले तर भावाच्या शेजारी त्यांची खुर्ची असेल. नाही आले तरी लग्न होईल.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आपल्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्ममध्ये ‘पोटजात’ असा रकाना अजून छापला जातो. पुढच्या मेळाव्यात तो रकाना कोण छापतं, ते विचारा. सभेत विचारा, आपल्या माणसांना विचारा, आणि काढून टाकेपर्यंत विचारत राहा. सवर्ण बापाच्या भाषणाला टाळ्या वाजवण्यापेक्षा हे अवघड आहे. हे करताना समोर मॅट ड्रेटन नसतो, आपलेच आप्पा असतात.

आणि त्या बारावीच्या मुलीला तिचं राहिलेलं उत्तर. त्या दिवशी आमच्या घरी वाढलं आईने आणि ताट धुतलं पाहुणीने. पुढच्या वेळी ती येईल तेव्हा पाहुणी नसेल. ताटं सगळ्यांची सगळ्यांनी धुवायची, आप्पांनीसुद्धा. तेवढं मी बघते.

जय भीम.